मोर्शीच्या मातीचं माहेर

रियुनियन बेट

तीर्थरूप मायच्या पायांवर डोकं ठेवून आचलचा समुद्रापल्याडून नमस्कार.

माय, मी खुशाल आहो. ज्वालामुखीचा अभ्यास करतो म्हणजे काई त्याच्या तोंडात बसत नाई. तू उगाच घोर लावून घेतला.

या डोंगराखालची चूल लय जुनी हाये. पृथ्वीच्या पोटातून एकाच जागी ऊन दगड वर येऊन राहिला. चूल हालत नाई, वरची जमीन सरकते. साडेसहा कोटी वर्षांमागं आपला मुलूख या चुलीवर होता. त्या वक्तीच्या लाव्ह्याचा दगड झाला, तो झिजून आपल्या वावराची काळी माती झाली. जमीन सरकत गेली तशी मागं समुद्रात बेटांची ओळ उठली. हे त्यातलं शेवटचं.

निघताना तू वावरातली चिमूटभर माती बांधून देली होती, परमुलखात आपलं कोणी असावं म्हणून. काल ती थंड झालेल्या लाव्ह्यावर ठेवली. तिचंच माहेर निघालं हे!

तुह्या गुडघ्याचं कसं हाये? पोरगी आता परत येत नाई म्हणून बाबा अजून रुसूनच हायेत काय? त्याईले सांग, हे बेट आपल्या मातीचं माहेर हाये, अन् माहेरी कोणी कायमचं राहत नसते. संत्री तोडाच्या वक्ती मी येतो.

तुही आचल