कारकुनाला भरलेल्या बांगड्या

परभणी
दि. ९ मार्च २०२६, सोमवार

तीर्थस्वरूप सरजाआत्यास, बालाजीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथे ठीक आहे. खोलीत ऊन लवकर येतं, पण चालतं. तुझा गुडघा कसा आहे? पोखर्णीच्या देवळापुढे बांगड्यांचं दुकान मांडतेस तेव्हा पाटावर बसत जा, जमिनीवर नको. फोनवर बोललो असतो, पण तू "जेवलास का" विचारतेस आणि माझं पुढचं राहून जातं.

किशनराव बरे आहेत. तसल्या माणसांना काही होत नाही. मी त्यांच्या कचेरीत निवेदनं लिहितो. दहावी नापास असलो तरी शुद्ध लिहितो म्हणून ठेवलंय. भाषणंही मीच लिहून देतो, पण ते वाचत नाहीत. छाती पुढे काढतात, मिशीला हात लावतात आणि "आमी काय बांगड्या भरल्यात का?" एवढंच विचारतात. पंचायत समितीवर निवडून आल्यात त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. जागा बायकांसाठी राखीव होती. त्या मागच्या खुर्चीवर हातभर चुडा घालून बसतात आणि नवरा माईकवर बांगड्यांची नालस्ती करतो. टाळ्या पडतात. वाजवणाऱ्यांत मीही असायचो.

पाण्याच्या कचेरीतला तो व्हिडिओ शेजारच्या नीलमने तुला दाखवला, असं कळलं. टँकर आला नाही म्हणून आम्ही वीसजण गेलो होतो. साहेब मागच्या दाराने निघून गेले. सापडले सूर्यभान कारकून, दोन वर्षांत निवृत्त होणारे. टँकर त्यांच्या हातात नव्हताच. किशनराव म्हणाले, "साहेब न्हाई तर ह्यालाच भरा. मर्दाचं काम जमंना तर लेणं तरी घालू द्या." पोरं हसली. बांगड्या आमच्यातल्या बजरंगने आणल्या होत्या, सव्वादोन मापाच्या, बारीक हाताच्या. पुरुषाच्या पंजाला सव्वादोन. मर्दांना माप माहीत नसतं. पप्पूने रेटून पाहिलं, जाईना. मग किशनराव म्हणाले, "अरे, कासाराचं पोर हाय की आपल्यात."

पप्पू अटकेत आहे; भरणारा हात त्याचाच, असं पोलिसांनी धरलंय. व्हिडिओत नुसते हात दिसतात, तोंड कुणाचंच नाही. किशनराव त्याच्या आईला सांगून आले, "मर्दासारखा आत जाऊ द्या, मी सोडवतो." अजून वकीलही दिलेला नाही. आणि तू, गावात कुणी विचारलं की नृसिंहाची शपथ घेऊन सांगतेस, तो हात आमच्या बालाजीचा नाही.

आत्या, तू ओळखलास. अंगठ्याच्या बुडाचं हाड आत दाबून पंजा चिंचोळा करायची रीत पप्पूला कुठून येणार? मी सूर्यभानांचा पंजा तसाच धरला. ते म्हणाले, "सावकाश भर बाबा, मला शुगर हाय." तू बाळंतिणीचा हात धरतेस तसा माझा हात आपोआप हलका झाला. तर मागून पोरं ओरडली, "अय, बाईसारखा काय भरायलास?"

तेव्हा मी जोर लावला.

दोन बांगड्या फुटल्या, काचा मनगटात गेल्या. किशनराव म्हणाले, "शाब्बास." मला बरं वाटलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सूर्यभान दवाखान्यात आहेत. हात पिकलाय. डॉक्टर दोन बोटांबद्दल काही बोलत होते. मी जाऊन आलो, दारातूनच. त्यांची मुलगी घास भरवत होती.

उद्या दहा वाजता ठाण्यात जाऊन माझं नाव सांगणार आहे. किशनराव मला काय म्हणतील ते पाठ आहे. त्यांच्याकडे एकच शिवी आहे, आणि ती तुझ्या टोपलीतली आहे.

दुकान बंद ठेवू नकोस. लोक येतील, मुद्दाम विचारतील. यापुढे शपथ घेऊ नकोस. हो म्हण, आमच्याच बालाजीने भरल्या.

तुझ्याकडून शिकून ज्याने हे केलं, तो
बालाजी