दहाव्या गाण्याचा ठेका

ती. ताई,

तुला साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो घातला असं समज. बत्तीस वर्षं स्टुलावर बसून दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या कामांना जुंपल्यावर कंबर आणखी काय करणार?) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं कसं आहे? त्या घोरण्यात उत्तम ठेका आहे असं मी मागे म्हणालो, तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते; पण माझं मत कायम आहे. दुकानात येणाऱ्या लोकांना तक्त्यावरची खालची ओळ अजून वाचता येत नाही ना? येऊही नये, म्हणजे तुझे चष्मे खपत राहतील. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो.

तर झालं असं की आमच्या बँडची नवी रेकॉर्ड निघणार आहे. नवी म्हणजे शेवटचीच. गायकाला नातू झाला आणि गिटारवाला बोटांच्या सांध्यांना मलम चोळल्याशिवाय तारेला हात लावत नाही. रॉक वाजवणाऱ्यांनी तरुणपणीच आटोपतं घ्यावं, हे आम्हाला वेळेवर कोणी सांगितलं नाही. (तू सांगितलं होतंस, पण तेव्हा मी वाजवत होतो, ऐकू आलं नाही.) ड्रम मी वाजवतो आणि रेकॉर्डिंगही मीच करतो हे तुला ठाऊक आहेच. आमचा स्टुडिओ म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. एकीत ड्रम, दुसरीत यंत्रं, मधे दुहेरी काच, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. खाली कपडे धुण्याची यंत्रं गरगरायला लागली की वरची जमीन थरथरते आणि प्रत्येक गाण्यात भूकंप येतो. म्हणून आम्ही लाँड्रीवाल्या बाईंच्या जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन या वेळात रेकॉर्डिंग करतो. आमची सगळी बंडखोर गाणी त्या बाईंच्या डब्याच्या वेळेला बांधलेली आहेत.

नऊ गाणी झाली. घोडं पेंड खातंय ते दहाव्या गाण्यापाशी. हे गाणं संथ आहे, आणि ते गायकानं त्याच्या बायकोवर लिहिलं आहे. ती गेल्या वर्षी गेली, मी फोनवर सांगितलं होतं. गाण्यात एवढंच आहे की ती दाराशी उभी राहून चप्पल घालते आहे आणि हा तिला म्हणतो आहे, सावकाश घाल, घाई नाही. त्यानं ते नुसत्या गिटारवर एकदाच गायलं. काचेच्या अलीकडे मी रडलो, पलीकडे तो रडला. पुन्हा गाणार नाही म्हणाला, आणि कोणी आग्रहही केला नाही. आता त्या गाण्याखाली मला ड्रम वाजवायचा आहे. नुसता, साधा, सावकाश.

आणि तो मला येत नाही. ताई, मी धावतो. जोरदार गाण्यात ते खपून जातं, लोकांना वाटतं काय आवेश आहे. पण संथ गाण्यात माणूस उघडा पडतो. गायकाच्या बायकोची एक चप्पल अजून घालायची असते आणि माझा ड्रम बस पकडून निघून गेलेला असतो. ड्रम वाजवून मी काचेच्या पलीकडे जातो, हेडफोन लावून ऐकतो, आणि माझ्यातला रेकॉर्डिंगवाला माझ्यातल्या ड्रमवाल्याला सांगतो, पुन्हा. ड्रमवाला म्हणतो स्टूल डुगडुगतं. मी स्टूल बदलतो. मग तो म्हणतो हेडफोन कानाला बोचतो. मग म्हणतो लाँड्रीवाल्या बाईंनी आज डबा लवकर संपवला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. यात भांडणाचीही सोय नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तुझी भावजय एकदा खोलीच्या दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, तुमच्या दोघांचं मिटलं की घरी या.

मग मी उपाय केले. पहिला उपाय, कानात टिकटिक लावायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं. शाळकरी पोरंही हे करतात. मी टिकटिकीला मागे टाकून पुढे गेलो आणि वर यंत्रच बिघडलंय म्हणून खोलून पाहिलं. (बिघडलेलं नव्हतं. आता बिघडलं आहे.) दुसरा उपाय चोरीचा. वाजवलेले ठोके कॉम्प्युटरवर घेतले, एकेक सुटा केला आणि हातानं उचलून जागेवर नेऊन ठेवला. चार दिवस लागले. साडेसहाशे ठोके, मोत्याच्या माळेसारखे. मी इतका खूश झालो की गायकाला फोन करून बोलावून घेतलं. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं, हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हॉस्पिटलात तिच्या उशाशी असंच वाजायचं रे." रागावला नव्हता. मी ते चार दिवसांचं काम त्याच्यासमोरच पुसून टाकलं आणि बराच वेळ वायरी गुंडाळत बसलो.

जाताना तोच म्हणाला, तुझी ती पहिली कॅसेट काढ आणि तसं वाजव. कॅसेट म्हणजे मी विसाव्या वर्षी या बँडवाल्यांच्या दाराशी घेऊन गेलो होतो ती. आपल्या घरात बाबांच्या टेपरेकॉर्डरवर केलेली, लोखंडी ट्रंक आणि बिस्किटांचे डबे यांच्यावर वाजवलेली. तेव्हा माझ्याकडे ड्रम नव्हता. हे वाजवणं माझं, असं सांगून ती ऐकवली आणि तेवढ्यावर मला बँडमध्ये घेतलं. मी माळ्यावरून ती शोधून काढली, फितीवरची धूळ पुसली आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता सगळ्यांसमोर लावली. सोबत कॉम्प्युटरवर लयही मोजत होतो. नऊ मिनिटं. सुरुवातीला जी लय, तीच शेवटी. केसभर फरक नाही. आणि तरी यंत्रासारखी नाही. कोणीतरी घरात शांतपणे चालत असावं तशी. मी छाती फुगवून बसलो होतो. एवढ्यात फितीच्या शेवटी एका तेरा वर्षांच्या पोराचा फाटका आवाज आला, "ताई, थांबू नकोस, अजून टेप बाकी आहे."

स्पीकर मी स्वतः निवडून आणलेले आहेत, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची कोणाचीच सोय नव्हती. आमचा बेस गिटारवाला (त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, बत्तीस वर्षांत तो मोजून चाळीस शब्द बोलला असेल) खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "ताई म्हणजे कोण?"

मी म्हणालो, थोरली बहीण, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. आणि म्हणालो की त्या दिवशी वाजवत ती होती, मी नुसतं बटण दाबून बसलो होतो, हे मी इतक्या वर्षांत साफ विसरून गेलो होतो. त्यांचा विश्वास बसला असावा. तेवढ्यात खालची यंत्रं सुरू झाली.

असो. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. औषधं वेळेवर घे. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
ठोक्या

ता. क. येत्या शनिवारी तुझं दुकान बंद आहे असं ऐकतो. एक ते दोन या वेळात मोकळी असशील तर स्टुडिओत येशील का? ड्रम लावून ठेवतो. तुझ्या गुडघ्याला त्रास होणार नाही असं बुटकं स्टूल आणलं आहे. (आधी आणलं, मग पत्र लिहायला बसलो.)

आणखी एक ता. क. मला आता काय येतंय, असं म्हणू नकोस. मागच्या वेळी तुझ्याकडे जेवायला होतो तेव्हा भाऊजी त्यांच्या पेन्शनच्या कागदांबद्दल अर्धा तास बोलत होते आणि तुझी दोन बोटं टेबलाच्या कडेवर चालली होती. मी कागदांबद्दल एक अक्षरही ऐकलं नाही.

शेवटचा ता. क. विसरलो होतो हे खोटं आहे. एक दिवसही विसरलो नव्हतो. विसाव्या वर्षी ती कॅसेट ऐकवताना तो आवाज येण्याच्या आधी मी बटण बंद केलं होतं. रेकॉर्डिंगवाला म्हणून मी केलेली पहिली कापाकापी तीच. या वेळी लय मोजण्याच्या नादात बटण दाबायचं राहून गेलं. पुढे बाबांनी मला ड्रम आणून दिला, तेव्हा तू दारात उभी राहून विचारलं होतंस, जरा वाजवू का? मी म्हणालो, नको, तू हात लावलास की मांडणी बिघडेल. मांडणी बिघडत नसते, ताई. तू बसलीस तर घरात सगळ्यांना कळेल अशी भीती होती. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस आणि मला त्यात बरं वाटलं. याची लाज वाटते, आणि ही लाज जुनी आहे.

काल मी हे सगळं गायकालाही सांगून टाकलं. तो म्हणाला की तू कॅसेटवरचा नाहीस हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण तू वेळेवर यायचास आणि वायरी सरळ लावायचास. मग त्यानं विचारलं, ती वाजवेल का? मी म्हणालो, माहीत नाही, मी तिला कधी विचारलेलंच नाही.

म्हणून विचारतो. ताई, वाजवतेस का?