उद्धवरावांचं बोचकं

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कॉम्प्युटरची पूजा झाली. साधनाने कॅबिनेटवर हळदीकुंकवाचा स्वस्तिक काढला, वर झेंडूची माळ. म्हणाली, "यंदाची शेवटची हं याची. पुढच्या वर्षी नवा पुजायचा." मी माळ सरळ केली. सणाच्या दिवशी बायकोशी भांडण काढलं तर ते वर्षभर पुरतं!

नेहाला लॅपटॉप हवाय. ताथवड्याच्या कॉलेजात सगळ्यांकडे आहे म्हणे. "बाबा, हा डबा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे." खरं आहे. पण या डब्याच्या पाठीमागे नऊ पिनांचं सॉकेट आहे, आणि चाकणमधल्या पत्रा कापायच्या जुन्या प्रेस मशिनी त्या सॉकेटाशिवाय कुणाशी बोलत नाहीत. नव्यात ते सॉकेटही नसतं आणि माझं जुनं सॉफ्टवेअरही चालत नाही. म्हणून तर पंधरा वर्षं हा आख्खा डबा गोणपाटात गुंडाळून, स्कूटरवर पायांत धरून, मशिनींची सेटिंगं बदलत कंपन्या हिंडतोय. कामगार ओरडतात, "उद्धवरावांचं बोचकं आलं!" हसा लेको. त्यावरच घर चाललंय.

दुपारी बबनशेठच्या शॉपवर पूजेला गेलो. चार नंबरच्या प्रेसलाही हार घातला होता. शेठने पेढा हातात दिला, तो खिशात घालून घरी आणला.

२ ऑक्टोबर, दसरा

बबनशेठ घरी! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आपट्याची पानं हातात दिली — "सोनं घ्या, उद्धवराव." आणि ड्रायव्हरने मागून लॅपटॉपचा खोका आणून टेबलावर ठेवला. "ह्ये बी घ्या. पोरीसाठी हाय."

नेहा नाचायचीच बाकी होती. साधना चहा टाकायला धावली. तेवढ्यात शेठने माझ्या डब्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाला, "ह्ये बोचकं आता काढून टाका. मी मानूस पाठवतो, आपल्या भंगारवाल्याकडं जाईल. कशाला उगा डोक्याला ताप? व्हय का न्हाई?"

व्हय, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

३ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. इथे नाही तर कुठे बोलणार.

प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खाली येत नाही. पण त्याने काम हळू होतं. जुलैत शेठची ऑर्डर अडकली होती. "दिवाळीपर्यंतच, उद्धवराव. पोरी हुशार हायेत आपल्या." २६ जुलैला मी बोचकं घेऊन गेलो आणि चार नंबरचा सेन्सर बायपास, म्हणजे निकामी, करून आलो. वीस मिनिटांचं काम. हिरवा दिवा लागलेला राहतो, बघणाऱ्याला वाटतं चालू आहे.

११ ऑगस्टला त्या प्रेसवर काम करणाऱ्या इंद्रायणीचा उजवा हात आत होता. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी उरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेठचा फोन. सरकारी निरीक्षक यायच्या आत मीच जाऊन सेन्सर परत चालू केला. निरीक्षकाने कागद आत घालून पाहिला, प्रेस थांबली, उत्तम. आता कंपनी म्हणते, सेन्सर पोरीनेच बंद केला होता, लवकर नग काढायला. म्हणजे भरपाईवर पाणी. तिचा वकील म्हणतो, बायपासचा पुरावा आणा.

पुरावा माझ्या टेबलावर आहे. झेंडूची माळ घालून बसलाय.

मला सवय आहे. दर कामाची एक फाइल ठेवतो — काय बदललं, कधी, कुणी सांगितलं. उद्या कुणी माझ्यावर ढकलू नये म्हणून. 'प्रेस ४' नावाचा फोल्डर. त्यात साध्या अक्षरांत लिहिलंय: सेन्सर बायपास, बबनशेठच्या सांगण्यावरून. शेंबडं पोरही वाचेल. शेठला ही सवय ठाऊक आहे, म्हणून लॅपटॉप.

पण सांगितलं शेठने असलं तरी हात माझा होता. केस झाली तर आधी कोण आत जाईल? शेठ नक्कीच नाही!

६ ऑक्टोबर

खोका अजून फोडला नाही. नेहा माझ्याशी बोलत नाही.

९ ऑक्टोबर

शेठचा माणूस आला. फायली काढायच्यात अजून, म्हणून परत पाठवला. अर्ध्या तासात शेठचा फोन. "किती फायली हायेत वो तुमच्या? आमी ट्रक पाठवू का?" हसला. मीही हसलो. नंतर हात धुतले, का ते कळलं नाही.

आज खोका फोडला. नेहाने गळ्यात हात टाकले. एवढ्या आनंदाने तिने मला दहावीच्या निकालालाही मिठी मारली नव्हती. लॅपटॉप छानच आहे. हलका, आवाज नाही. मागे, बाजूला, खाली सगळीकडे बोट फिरवून पाहिलं — सॉकेट नाही. बरंच वाटलं! आता कुणी "उद्धवराव, जरा बायपास मारा" म्हणू शकणार नाही. जुन्या मशिनींची कामं जातील, जाऊ देत. मग आठवलं, की मी स्वतःलाच गुळगुळीत कारणं देतोय.

१२ ऑक्टोबर

इंद्रायणी आली होती. मागच्या गल्लीत खोलीवर राहते, आमच्याच अहमदपूर तालुक्यातली, म्हणून साधनाला काकू म्हणते. उजवा हात ओढणीत. मी आत जाऊन बसलो. तरी ऐकू येत होतं.

"पेन धरताच येईना काकू. बारावीपर्यंत अक्षर बघायला मास्तर वही वर्गात फिरवायचे. आता टायपिंग शिकलालेय, एमएससीआयटी लावलंय. घरी सराव करायला काहीतरी पायजे. नेहाचा नवा आलाय तर तो जुना मला द्या की. हप्त्यानं पैसे देते."

साधना म्हणाली, "पैसे कसले गं? घेऊन जा. यांना विचारायचं काय त्यात!"

आणि मला हाक मारली. मी बाहेर आलो. पोरीने डाव्या हाताने नमस्कार केला. मी म्हणालो, "ने की."

१३ ऑक्टोबर

सगळा दिवस डब्यासमोर.

पुसून दिला, तर शेठही खूश, साधनाही, पोरगीही. सगळे माझं नाव घेतील. मला माझी लाज वाटते. हे वाक्य लिहायला अडीच महिने लागले.

न पुसता, सांगून दिला, तर? "बाई, हा घे तुझा पुरावा, आणि हा घे मी." नेहाचं शेवटचं वर्ष आहे. साधना या गल्लीत राहू शकेल? इंद्रायणी तिला काकू म्हणेल?

बोट डिलीटवर ठेवलं. दाबलं नाही. फोल्डर बंद केला. उघडला. बंद केला.

१५ ऑक्टोबर

ठरलं. पुसायचं नाही. सांगायचंही नाही. बाकीच्या सगळ्या फायली नव्यात घेतल्या, 'प्रेस ४' तेवढा जुन्यात ठेवला. समोरच, पहिल्या पडद्यावर. त्याच प्रेसवर हात गेलाय तिचा, नाव बघून उघडणारच. वकिलाला दाखवेल. मग जे व्हायचं ते होईल. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. ठेवली तर पुन्हा ठरवायला लागेल.

भित्र्याने काढलेली तोड आहे, माहीत आहे. पण तोड आहे.

१६ ऑक्टोबर

बोचकं शेवटचं बांधलं. स्कूटरवरून तिच्या खोलीत नेऊन जोडून दिलं. तिने चहा केला, एका हाताने, मला उठू दिलं नाही. स्वस्तिक कॅबिनेटवर तसाच होता, म्हणाली, राहू द्या.

शेठला फोन केला, भंगारात दिला म्हणून. "झ्याक केलंत," म्हणाला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पाच दिवस झाले. कुणी आलं नाही. फटाक्यांच्या आवाजाने दोनदा दार उघडून पाहिलं.

२७ ऑक्टोबर

चक्कीवर भेटली. "रोज दोन तास बसते काका! मिनिटाला बारा शब्द." चेहऱ्यावर काही नाही. उघडलंच नाही का अजून? का उघडलं आणि वकिलाने गप्प राहायला सांगितलं?

साधना विचारते, जेवत का नाही.

८ नोव्हेंबर

पोलिसांची गाडी गल्लीत. सदरा चढवून दारात उभा राहिलो. पलीकडच्या घरी पासपोर्टचं काम होतं.

आणि खरं सांगू? ती पुढे निघून गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता कुणीतरी येऊन विचारावंच असं झालंय. मी सगळं सांगेन. फक्त कुणीतरी विचारा.

१९ नोव्हेंबर

इंद्रायणी आली, पेन ड्राइव्ह घेऊन. "काका, तेवढी प्रिंट काढून द्या की. मी टाइप केलेला पहिला कागद हाय." एकच पान, नीट समास सोडून. 'सेन्सर मी स्वतः बंद केला होता. कंपनीचा दोष नाही. दावा मागे घेत आहे.' शेठ तिला ऑफिसात एंट्रीचं काम देणार आहे. "पुरावा कुठून आणू मी? वकिलाच्या दारात चपला झिजल्या."

मी म्हणालो, त्या कॉम्प्युटरवर माझा एक फोल्डर होता.

"प्रेस फोर? तो पहिल्याच दिवशी पुसला. तुमचं कामाचं काहीतरी असंल, दुसऱ्याचं कशाला उघडून बघायचं? लागत होता का काका?"

नाही, म्हणालो.

दोन प्रती काढल्या. सही जमत नाही तिला. शाईचं पॅड आहे का, म्हणाली.

होतं. दिलं.