गोळी कुणासाठी?

३ नोव्हेंबर, सोमवार
गोरक्षनाथ काल म्हणाला, साखरपुड्याआधी एक सांगायचंय. मला वाटलं, दुसरी कुणी असेल! तो म्हणाला — एचआयव्ही. जन्मापासून. आईकडून आला. आई गेली, हा मामाकडे गोळ्यांवर वाढला. "तू न्हाई म्हनलीस तरी चालंल." मी उठून घरी आले. आज एका ब्लाऊजच्या बाह्या उलट्या शिवल्या.

४ नोव्हेंबर
आई विचारते, "भांडलात का?" नाही म्हटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
मोबाईलवर वाचलं — ज्याला आजार नाही त्याने रोज घ्यायची गोळी असते, म्हणजे लागण होत नाही. जेनेरिकसुद्धा निघते, आपल्याकडेच बनते. पण मिरजगावात मिळते का?
नाव कागदावर लिहून स्टँडजवळच्या मेडिकलात गेले. दुकानदाराने कागद वाचला, मग मला वाचलं. "कुनासाठी?" — मोठ्यांदा! मागे गल्लीतल्या दोघी उभ्या.
"माझ्यासाठी."
त्याने पेनाच्या टोकाने कागद माझ्याकडे सरकवला. हात लावला नाही. "असलं हितं न्हाई मिळत."
गोरक्षने असे किती पेन बघितले असतील?

१० नोव्हेंबर, सोमवार
एसटीने नगरला. दोन दुकानांत नावही माहीत नव्हतं. तिसऱ्यात चष्मा लावलेल्या एक बाई. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "जेनेरिक आहे. मागवली की दोन दिवसांत येईल. पण डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, त्याआधी तुझी रक्ततपासणी." खोकल्याचं औषध सांगावं तशा बोलल्या! बाहेर येऊन रडले.
मग गोरक्ष गोळ्या घेतो त्या दवाखान्यात. त्याला फोन केला होता, तो गेटवरच उभा होता. तिथल्या समुपदेशक रोहिणी मॅडमनी त्याचे रिपोर्ट काढले. गेली सहा वर्षं तपासणीत विषाणू सापडतच नाही. गोळ्या अशाच चालू राहिल्या तर नवराबायकोच्या संबंधातून तुला लागण होणार नाही, म्हणाल्या. "तुझी गोळी मनाच्या धीरासाठी हवी असेल तर डॉक्टरांशी बोल. पण दया येते म्हणून लग्न करू नकोस."
गोरक्ष पंख्याकडे बघत होता.
माझी तपासणी झाली. काही नाही.
येताना एसटीत स्वतःला विचारलं — गोळी मिळतच नसती तर? शुक्रवारी कदाचित नाही म्हणाले असते. आज नाही म्हणणार नाही. शुक्रवारची लाज वाटते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
शेजारच्या रंगुबाई शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेल्या. कारण सांगितलं नाही. ते आईने सांगितलं. "तुला झालंय म्हनत्यात. खरं हाय का गं?"
नाही म्हटलं की पुढचा प्रश्न — मग कुणाला? ते सांगायचा हक्क माझा नाही. गप्प राहिले. आई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या हातातलं निवडायचं ताट तसंच राहिलं.

१३ नोव्हेंबर
गोरक्षला फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी करू नको, मी सांभाळते. त्याने फोनच ठेवला!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळीच गोरक्ष घरी आला. आईसमोर खाली बसला. "मावशी, आजार मला हाय. हिला काय न्हाई. ही माझ्यापायी गप बसली."
आईने उठून त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, "गोळी जेवनाआधी घेता का नंतर?"