काकांचा रकाना

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पोटरीचं दुखणं थांबलं हे वाचून बरं वाटलं. आता तरी त्या बॉयलरवर माकडासारखा चढू नकोस.

इकडे काकांच्या यंत्राची पंधरा दिवसांची चाचणी अखेर सुरू झाली. गच्चीवरच्या काळ्या पेटीत, काचेखाली, उन्हाने हवा तापते आणि पंखा ती खाली खोलीत ढकलतो. ढग आले की भुशाच्या दाबलेल्या कांड्या शेगडीत घालायच्या. खोली दिवसभर सव्वीस अंशांवर टिकली तर यंत्र दवाखान्यात बसवणार, नाहीतर भंगारात. काका जाऊन वर्ष होत आलं, त्यांची अब्रू आता माझ्या हातात. झरोक्यातून ऊब पळत होती, म्हणून मी तो गोणपाटाने गच्च बुजवलाय.

आता हसू नकोस. दर अर्ध्या तासाला दोघांनी, एकमेकांचं न बघता, तापमान वाचून वहीत लिहायचं हा काकांचा नियम. मी पडले एकटी, म्हणून दुसरा रकाना कोराच ठेवला होता. काल दुपारी तो भरलेला दिसला. आकडे काकांच्या अक्षरासारखे डावीकडे झुकलेले, आणि प्रत्येक माझ्यापेक्षा अर्ध्या अंशाने जास्त. काका ठेंगणे, खालून मान वर करून वाचायचे, म्हणून त्यांचा आकडा नेहमी तेवढाच जास्त यायचा. त्यावरून आमची किती वर्षं जुंपायची! मला भीती वाटली, आणि खरं सांगते, आनंदही झाला. डोकं मात्र तेव्हापासून जड आहे.

माया असू दे, उत्तर लांबवू नकोस.
तुझी ताई

ता. १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अक्कल कुठे चरायला गेली? बंद खोलीत शेगडी, आणि झरोका बुजवलेला! शेगडीतून निघणाऱ्या त्या विषारी वायूला ना वास, ना रंग. आधी डोकं जड होतं, मग माणूस काय करतो ते त्यालाच आठवत नाही. आमच्याकडचा एक फिटर असाच बसल्या जागी गेला. तो रकाना तूच भरलास, ताई. काकांचं अक्षर तुझ्याइतकं कोणाला येतं?

पत्र हातात पडताच गोणपाट काढ. यंत्र भंगारात गेलं तर जाऊ दे, मला बहीण एकच आहे. नाहीतर सरळ इकडे निघून ये. तुझी भावजय रोज विचारते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

ता. १८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं खरं होतं. गोणपाट काढलं आणि डोकं हलकं झालं. दोन दिवस दुसरा रकाना कोरा राहिला. मला फार एकटं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

परवा आभाळ भरून आलं आणि खोली एकवीसवर उतरली. तासाभरापुरता म्हणून मी झरोका पुन्हा बुजवला. शिव्या समोर आल्यावर दे. अडीचचा आकडा लिहिला, मग काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी बाहेर पायरीवर होते आणि वॉचमनची बायको तोंडावर पाणी मारत होती. तिने घड्याळ पाहिलं तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. दार सताड उघडं होतं म्हणाली. मीच सरपटत आले असेन, असं मी स्वतःला बजावलं. पुढचा तासभर तिने मला जागचं हलू दिलं नाही, आणि आत कोणी गेलं नाही.

संध्याकाळी वही पाहिली. माझा रकाना अडीचला संपतो. दुसऱ्यात तीनचा आकडा आहे, एकोणीस. साडेतीनचा चौदा. शाई माझ्या पेनाची, आणि पेन माझ्या मुठीतच होतं, बाईने ते सोडवायचा प्रयत्न केला होता.

शेऱ्याच्या जागी लिहिलंय: पोरगी बाहेर. चाचणी बंद.

मी बंद केली. रविवारी तुझ्याकडे येते. वही सोबत आणते आहे. अक्षर कोणाचं ते तूच बघ, आणि कळलं तरी मला सांगू नकोस.

आम्हा दोघांवरही लोभ असू दे.
तुझी ताई