मूठ वळत नाही

मुंढवा, पुणे
१८ जानेवारी २००९

ती. शालूआत्या,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीने बरंच आहे. इथला फोन बैठकीत सासूबाईंच्या कोचाशेजारी, आणि मोबाइलवर बोललं तरी कोणाशी, काय, हे विचारलं जातंच. प्रेमाने विचारतात. म्हणून पत्र. सीताराम ड्रायव्हर टपालात टाकेल.

हळदीकुंकवाआधी सासूबाई मला कोरेगाव पार्कच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या मुलीने नखांचं मेनूकार्डच पुढे ठेवलं. साधं मॅनिक्युअर, म्हणजे कोमट पाण्यात हात बुडवून, नखं घासून पॉलिश. फ्रेंच, म्हणजे टोकाला पांढरी किनार. जेल, म्हणजे लेप लावून छोट्या दिव्याखाली वाळवायचा. आणि अॅक्रिलिक, म्हणजे आपल्या नखावर दुसरं चिकटवून हवं तेवढं लांब करायचं. मी म्हटलं, साधं करा आणि आखूड कापा. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, एवढ्यासाठी गाडी काढून आलो का. शेवटी जेलचं फ्रेंच झालं. दिसतं छान, खोटं कशाला बोलू.

तुझा खांदा कसा आहे? दोरीचा व्यायाम सोडू नकोस. आणि तुझ्याजवळच्या फिजिओथेरपी केंद्रात जागा निघणार होती, तिचं काय झालं? लग्न झाल्यापासून माझी डिग्री कपाटात पडून आहे.

रागावलीस तरी चालेल, पण दोन ओळींचा लोभ ठेव.

तुझी,
तनुजा


कर्वेनगर, पुणे
२५ जानेवारी २००९

चि. सौ. तनुजा हिस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. नखांचे चार प्रकार वाचून ज्ञानात भर पडली. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण मी दोनच पाहिले होते, कापलेली आणि न कापलेली. दुसऱ्या प्रकाराला छडी मिळायची.

केंद्रातली जागा निघाली आहे. तिथल्या मुख्य बाईंनी आपणहून तुझी चौकशी केली. सोमवारी, २ मार्चला अकरा वाजता बोलावलं आहे. मुलाखत कमी, पेशंटवर हात चालवून दाखवायचं जास्त. नख बोटाच्या टोकाबाहेर दिसता कामा नये, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं, जणू अर्ज मीच केला आहे.

खांदा तुझी आठवण काढतो. नेमकं दुखतं तिथेच तुझा अंगठा टेकायचा, तसं इथे कोणाला जमत नाही. आणि हो, अक्षर जरा घसरलं आहे. तुझा 'ळ' पार आडवा झोपला आहे. घाईत होतीस का?

घरी सर्वांना यथायोग्य. माझ्या बोलण्याचा राग आलाच तर तोही कळव, माया तशीच राहू दे.

शालूआत्या


मुंढवा
१२ फेब्रुवारी २००९

ती. शालूआत्या,
सा. न. वि. वि.

घाई नव्हती गं. त्या नखांनी पेन नीट धरता येत नव्हतं, आणि आता तर अॅक्रिलिक आहे. भांडी लावताना जेलची किनार उडाली, तर सासूबाईंनी भांड्यांना बाई ठेवली आणि मला ही नखं. पेन चिमटीत राहत नाही. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, कणीक मळता येत नाही. मूठ वळत नाही, नखं तळहातात रुततात.

नवऱ्याजवळ नोकरीचं काढलं होतं. समर्थ म्हणाला, आईला विचार. सासूबाई म्हणाल्या, कर की नोकरी, कोण नाय म्हणतंय, फक्त हाताचं काम नको. फिजिओथेरपी आणखी कशाने करतात, हे मी विचारलं नाही. मामंजी पेपराआडून म्हणाले, लोकांचे पाय चेपायला आपल्याला काय कमी हाय.

तुला वाटेल, माणसं दुष्ट आहेत. तशी नाहीत, आणि तीच अडचण आहे. आज जिथे आयटी कंपनीची काचेची इमारत आहे, तिथे सासूबाईंनी जन्मभर खुरपणी केली. जमिनीच्या व्यवहाराच्या दिवशी त्यांनी सही केली, आणि बिल्डरच्या बायकोने त्यांच्या काळ्या नखांकडे बघत पेन रुमालाने पुसून घेतलं. तेव्हापासून चारचौघांत त्यांचे हात पदराखाली असतात. माझे मात्र हातात घेऊन पाहुण्यांना दाखवतात. तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलतो की मला हात काढून घेववत नाही. फार घुसमटायला होतं, आत्या. रंग कोणता हवा, हे दर वेळी मला विचारतात. लांबी कोणी विचारत नाही.

अक्षर गोड मानून घे, आणि मलाही.

तुझी,
तनुजा


कर्वेनगर
२० फेब्रुवारी २००९

चि. सौ. तनुजा हिस,
अ. उ. आ.

अक्षराबद्दल बोलले ते मागे घेते. पत्र पुन्हा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

मग आमच्या सोसायटीखालच्या पार्लरमध्ये जाऊन आले. तिथल्या मुलीने माझ्याकडे फार आशेने पाहिलं. ती सांगते, चिकटवलेली नखं ओढून काढू नयेत, खालचं नख सोलून निघतं. अॅसिटोनमध्ये बोटं बुडवून ठेवली की ती मऊ होऊन सुटतात. घरच्यांचं काय करावं, ते पार्लरमध्ये सांगत नाहीत.

तुझ्या सासूबाई सुशीलाबाई वाईट नाहीत, हे पटलं. पण त्यांचा अपमान तुझ्या बोटांवर किती वाढवायचा? घरातलं बाहेर काढू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मीच मुलांना शिकवत आले. तुझी तर मूठच वळत नाही, मग झाकणार काय? केंद्राच्या बाई तुझ्यासाठी थांबल्या आहेत. त्या सोमवारनंतर थांबणार नाहीत.

कापशील तेव्हा शनिवारी कापू नकोस, दिवेलागणीला कापू नकोस, आणि तुकडे घरात पाडू नकोस, भांडण होतं म्हणतात.

इथे एक खांदा आणि त्याची मालकीण तुझी वाट पाहत आहेत, हे असू दे.

शालूआत्या


मुंढवा
२ मार्च २००९, सोमवार सकाळ

ती. शालूआत्या,
सा. न. वि. वि.

अक्षर बघ. 'ळ' उभा राहिला आहे.

शनिवारी, दिवेलागणीला, बैठकीच्या मधोमध बसून मी वाटीत अॅसिटोन ओतलं. वरची नखं सुटल्यावर खालची कापली. तुझे सगळे नियम मोडले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. सासूबाई फरशीवरचे तुकडे वेचून, कागदात बांधून बाहेर टाकून आल्या. मग माझा हात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, हे तर माझेच हात. आणि रडल्या.

आज त्यांनी पार्लरची मुलगी घरीच बोलावली आहे. ती खाली बैठकीत पेटी उघडून बसली आहे, आणि सासूबाई शेजारी बसून माझ्यासाठी रंग निवडत आहेत. समर्थ वर येऊन म्हणाला, नखंच तर आहेत, आईचं मन राख, पुढे बघू. बाहेर जायची वाट बैठकीतूनच आहे. त्या रागावतील याची मला भीती नाही. त्या माझा हात हातात घेतील, याची आहे. घेतला तर मी खाली बसेन, आणि मग पुन्हा उठणं होणार नाही.

म्हणून मूठ घट्ट वळून जिना उतरणार आहे. आता वळते.

सीताराम पत्र मागत होता. त्याला दिलं नाही, पाकिटावर तिकीटही लावलं नाही. हे तुझ्या हाती पडलं, तर ते माझ्याच हातून पडलेलं असेल.

तोवर लोभ दाराशी उभा ठेव.

तुझी,
तनुजा