सभेत न निघालेला विषय

सेंट पॉल,
१४ मार्च २०१०

ती. स्व. मे आत्यास ब्लिआचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली वाळवलेली मिरची पोचली. डबा उघडल्याबरोबर बाबांना शिंका सुरू झाल्या आणि ताईचीच मिरची ही, म्हणून ते खूश झाले. फोनवर मी ओरडते आणि ऐकू आलं नाही तरी तू हो हो म्हणतेस, म्हणून आपलं पत्रच बरं.

इथली मोठी बातमी म्हणजे लाओस सोडून अमेरिकेत आलेल्या आपल्या ह्मोंग लोकांच्या पोरांची शाळा सप्टेंबरात सुरू होतेय. सनदी शाळा. पैसा सरकारचा, कारभार आपला. शाळेने काय साधायचं आणि पैसा कुठे घालायचा हे आपणच ठरवून लिहून द्यायचं, पण पहिल्या वर्षात ते साधलं नाही तर सनद परत. काल त्याचीच सभा झाली. सनद देणाऱ्या संस्थेच्या लिंडग्रेनबाई आल्या होत्या. पुढच्या रांगेत सगळी म्हातारी मंडळी आणि मधोमध आपले बाबा. कुणी संगणक मागितले, कुणी मैदान. बाबा उठले आणि म्हणाले की इथल्या थंडीत पोरं रस्त्यावर उभी राहून गोठतात, आधी प्रत्येकाच्या दाराशी जातील अशा गाड्या घ्या, बाकीची हौस मागाहून करा. झालं, मोठा वाटा गाड्यांना गेला. हजेरीचं उद्दिष्ट बाईंनी शंभरात त्र्याण्णव सुचवलं, तर बाबांनी विचारलं की आमची पोरं काय लेचीपेची वाटली का. थायलंडच्या निर्वासित छावणीत ते झाडाखाली शिकवायचे तेव्हा भर पावसातसुद्धा कुणी घरी राहत नव्हतं, म्हणून सत्त्याण्णव लिहा म्हणाले. टाळ्या पडल्या आणि सत्त्याण्णव लिहिलं गेलं.

मग बाईंनी विचारलं की तुमच्यात पोरांना घरी ठेवावं लागतं असे काही प्रसंग असतील तर सांगा, ते दिवस हिशेबातून वगळू. नववर्षाचा सण सांगितला, तो लिहिला. पुढे सगळे गप्प. आत्या, आपल्यात एक मयत झालं की शुक्रवारपासून सोमवारपर्यंत अख्खं कूळ तिथे असतं, पोराबाळांसकट. त्या खोलीत हे कुणाला ठाऊक नव्हतं? माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या डोक्यांसमोर मयताचं नाव कसं काढायचं? त्यांना बोलावणं धाडल्यासारखंच की ते. मी आपली बुटांकडे बघत बसले.

कागद महिनाअखेरपर्यंत बदलता येतो. तू बाबांची थोरली बहीण. तू पत्रातून सांगितलंस तर ते रागावणार नाहीत आणि सभेत स्वतःच विषय काढतील. एवढं करशील का?

झुआ तुला नमस्कार सांगते. तिच्यावर आहे तेवढाच लोभ तिच्या आईवरही असू दे.

तुझी,
ब्लिआ

फ्रेस्नो,
२२ मार्च २०१०

चि. ब्लिआ हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तू तो शब्द जिथे लिहिलास तेवढा कागद फाडून परसात नेऊन जाळला. शेजारीण विचारायला आली की काय पेटलं म्हणून. आता काय सांगू तिला!

माझा धाकटा भाऊ सत्तरीला टेकलाय आणि मी त्याला असलं लिहू? उद्या त्याला नुसतं पडसं झालं तरी तुझी भावजय म्हणेल की आत्याने हाक मारली. मी नाही लिहिणार. तू गप्प बसलीस हे शहाणपणच केलंस. बोलली असतीस तर इथून येऊन तुझ्या तोंडात मारली असती, गुडघ्यांनी येऊ दिलं असतं तर.

सत्त्याण्णवचं वाचून मात्र हसू आलं. लहानपणी मक्याची टोपली हा नेहमी माझ्यापेक्षा जड भरायचा आणि अर्धा डोंगर चढला की माझ्या पाठीवर द्यायचा. त्याला सांग, तुझी खोड गेली नाही. माझ्या वालाच्या वेलांना फुलं आलीत. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यायला जाते, तेवढं सोडलं तर झकास आहे.

मुलीला माझा पापा. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी,
मे आत्या

सेंट पॉल,
२० जानेवारी २०११

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

शाळेचं सगळं छान चाललंय. पिवळी गाडी दाराशी येते. सकाळी बाबा झुआचा हात धरून चार पायऱ्या उतरतात आणि गाडी वळेपर्यंत उभे राहतात. निदान नाताळापर्यंत तरी राहत होते.

आत्या, कसं लिहू? बाबांच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला आणि कोंगदादाला बाहेर बोलावून सांगितलं की उन्हाळा दिसणं कठीण आहे. त्यातच डिसेंबरात पोरं तापाने पडली आणि हजेरी अगदी काठावर येऊन ठेपली. अर्धी शाळा बाबांच्याच कुळातली. मी दोन्ही गोष्टी एकत्र मनात आणायची नाही असं ठरवलं होतं, पण त्या रात्रंदिवस एकत्रच येतात.

परवा दवाखान्यात बाबांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले की मी गेलो की शनिवार-रविवार पोरं आणा, शुक्रवारी आणि सोमवारी शाळेत धाडा, नाहीतर माझ्यामुळे शाळा बुडाली असं होईल. मी रडायला लागले. मग माझ्या तोंडून निघून गेलं की त्या सभेतच हे सांगायचं होतं, पण तुमच्यासमोर कुणाची जीभ रेटली नाही. ते हसले, आणि हसता हसता खोकला आला. म्हणाले की मी काय तुमच्या लिहिण्याने मेलो असतो का? मला वाटलं होतं तरुण पोरांपैकी कुणीतरी बोलेल, म्हातारे बोलले तर पोरं घाबरतील म्हणून मीही बोललो नाही.

म्हणजे ते आमच्यासाठी गप्प होते आणि आम्ही त्यांच्यासाठी. या गोष्टीवर मला राग येतो आणि तो कुणावर काढावा कळत नाही.

तुला येता येईल का? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ब्लिआ

फ्रेस्नो,
२८ जानेवारी २०११

चि. ब्लिआस आशीर्वाद.

मला विमानात बसू देत नाहीत. तीन दिवस रक्त धुतलं नाही तर मीच त्याच्या पुढे जाईन म्हणाले डॉक्टर. मी म्हटलं जाऊ दे, थोरलीचाच मान आहे. पण माझा मुलगा ऐकत नाही.

तू मात्र माझ्या भावाचं ऐकू नकोस. पोरांना आण. या खेपेला त्याने टोपली पोरांच्या पाठीवर दिली आहे. नातवंडं नसलेलं ते घर कसलं? शाळा दुसरी मिळेल.

मी रोज त्याच्या नावाने भात वेगळा काढून ठेवते.

तुझी,
आत्या

सेंट पॉल,
२८ फेब्रुवारी २०११

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

फोनवर कोंगदादाने तुला कळवलंच आहे. तुला किती ऐकू गेलं कोण जाणे, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही तुझं नाही, बाबांचं ऐकलं. शुक्रवारी सकाळी ढोल टांगला आणि आत्म्याला राहिलेल्या गावागावांतून मागे जन्मगावी नेणारं वाट दाखवायचं गाणं सुरू झालं, तेव्हा आत फक्त मोठी माणसं होती. हो, गाण्यात फ्रेस्नोचं नाव घेतलं. बाबा दोन वर्षं तुझ्याकडे राहिले होते हे मी गाणाऱ्याला मुद्दाम सांगितलं होतं. तिथून छावणी, नदी, आणि मग लाओसच्या डोंगरातलं तुमचं गाव. गाणारा छावणीपर्यंत आला तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून पिवळी गाडी गेली. काचांना नाकं लावून सगळी पोरं आमच्याकडे बघत होती. झुआही होती. मला हात हलवावा की नाही ते सुचेना.

शाळेत पोरांनी मधल्या सुट्टीत पैसे म्हणून जाळायच्या सोनेरी कागदाच्या होड्या केल्या, आजोबांच्या वाटखर्चासाठी. शनिवारी पिशव्या भरभरून घेऊन आली. दोन दिवस घर भरलेलं होतं. पण सोमवारी मातीच्या वेळी पुन्हा आम्ही मोठेच. बाहेरगावच्या एका वृद्ध पाहुण्यांनी दादाला विचारलं की या माणसाला नातवंडं नाहीत का. दादाने त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.

संध्याकाळी शाळेच्या गाडीच्या चालकाने आपणहून पोरांसकट गाडी दफनभूमीकडे वळवली. तोवर माती पडून तिच्यावर बर्फही बसला होता. झुआने मला विचारलं की आजोबांचं डोकं कुठल्या बाजूला आहे. मी दाखवलं, पण खरं सांगते आत्या, मला नक्की आठवत नव्हतं.

तू लिहिलं होतंस तसं करायला हवं होतं. आता काय उपयोग म्हणा. तुझी माया असू दे, मला सध्या तिची फार गरज आहे.

तुझी,
ब्लिआ

सेंट पॉल,
३ जून २०११

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

हजेरी भरली. सत्त्याण्णव आणि वर थोडीशी. सनद राहिली. शाळेत सगळ्यांना चिकट भात आणि उकडलेली कोंबडी होती. पुढच्या रांगेत बाबांची खुर्ची मोकळी ठेवली होती.

मी लिंडग्रेनबाईंना त्या शुक्रवार-सोमवारचं सांगितलं. त्या एकदम खाली बसल्या. म्हणाल्या की अहो, एक ओळ पुरली असती, फेब्रुवारीतसुद्धा पुरली असती, तुम्ही विचारलं का नाहीत? त्यांना वाईट वाटत होतं, म्हणून मी उलट त्यांचीच समजूत घातली आणि घरी येऊन भांडी आपटली.

पुढच्या वर्षाची उद्दिष्टं आणि खर्च ठरवायला रविवारी १९ तारखेला सभा आहे. या खेपेला मी बोलायचं ठरवलंय. पण पुढच्या रांगेत आता ‘चा’ आडनावाच्या घराण्यातले थोरले काका बसतात, आणि ते हल्ली काठी घेऊन चालतात. काल आरशासमोर बोलून पाहिलं, तर तो शब्द यायच्या आत मी दिवा मालवून बाहेर आले.

तब्येत सांभाळ. मनात आम्हाला जागा आहे ना, ती तशीच असू दे.

तुझी,
ब्लिआ

फ्रेस्नो,
१० जून २०११

चि. ब्लिआस मे आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू मागच्या वर्षी माझ्याकडे एक काम मागितलंस आणि मी कागद जाळला. तेव्हा चार ओळी लिहिल्या असत्या तर माझ्या भावाला नातवंडांनी माती दिली असती. रोज भात वाढताना मनात तेच येतं. कुणी मला दोष देत नाही, ते अजूनच वाईट.

तेव्हा तू काही बोलू नकोस. हे पत्र सभेत उभी राहून वाच. त्या ‘चा’ काकांना म्हणावं, फ्रेस्नोची बहिरी म्हातारी बोलतेय, काय भांडायचं ते तिच्याशी भांडा.

मी मे, वय वर्षं चौऱ्याहत्तर. मी मरणार आहे. माझं मयत होईल तेव्हा ढोल टांगल्यापासून माती पडेपर्यंत चार दिवस माझ्या भावाची नातवंडं इथे फ्रेस्नोला हजर पाहिजेत. ते दिवस हिशेबातून वगळायचे असं आजच लिहून घ्या. नुसते माझ्यासाठी नाही, पुढच्या रांगेत बसलेल्या प्रत्येकासाठी. आणि गाड्यांवर एवढा पैसा घातलाच आहे, तर एखादी गाडी पोरांना दफनभूमीवर न्यायलाही ठेवा.

बघ, लिहिलं. छप्पर काही कोसळलं नाही.

झुआला सांग, आजोबांचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते मलाही ठाऊक नाही. माझं मात्र तिने स्वतः उभं राहून बघून घ्यावं.

तुमच्यावर लोभ आहेच. माझ्यामागे तो झुआकडे मागा.

तुझी,
मे आत्या